ओट्यावरचा डाग

आमच्या स्वयंपाकघराचा ओटा कडप्प्याचा आहे. काळाभोर, जुन्या पद्धतीचा. या घरात राहायला आलो त्या पहिल्याच आठवड्यात मी त्यावर अर्धं कापलेलं लिंबू पालथं ठेवलं आणि विसरून गेले. सकाळी उचललं तर खाली लिंबाच्याच आकाराची पांढुरकी चकती उमटलेली. घासून पाहिली, खोबरेल तेल लावलं, शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून मेण चोळलं. चकती काही गेली नाही, आजही मिक्सरच्या खाली आहे. तेव्हापासून घरात नियम आहे: कापलेलं लिंबू ओट्यावर ठेवायचं नाही, ताटलीत ठेवायचं. पाहुण्यांनाही मी हे ऐकवते, आणि त्यावरून माझी यथेच्छ चेष्टा होते.

तर अशी ही ओट्याला जपणारी बाई. तिनेच रोज सकाळी एक अख्खं लिंबू पिळून, त्यात मध घालून, स्वतःच्या वडिलांना दिलं. एक-दोन दिवस नाही, बारा वर्षं.

अण्णांना तुमच्यापैकी निम्मे लोक ओळखतात (उरलेल्यांनी एवढंच लक्षात ठेवावं की ते माझे वडील, वय ८४, मूळ गाव कऱ्हाडजवळ, आणि फारसं बोलत नाहीत). हे सगळं त्यांना विचारूनच लिहितेय. "लिही की, त्यात काय," एवढंच म्हणाले.

गेल्या दिवाळीत माझ्या लक्षात आलं की अण्णा चकली चहात बुडवून खातायत. चकली! आमच्या घरात चकलीचा आवाज आला नाही तर ती फसली असं समजतात. विचारलं तर म्हणाले, "जरा मऊ बरी वाटते." मग मी नीट बघायला लागले. पेरू बंद झाला होता. माठातलं पाणी बंद झालं होतं, साधं पाणीसुद्धा ते थोडं कोमट करून घेत होते. चूळ भरताना डोळे मिटून घेत होते. हे कधीपासून चाललंय हे त्यांनी सांगितलं नाही आणि मला कळलं नव्हतं.

डेंटिस्ट तरुण मुलगी होती. तिने बराच वेळ पाहिलं, मग मला जवळ बोलावून आरशात दाखवलं. पुढच्या दातांच्या कडा काचेसारख्या पातळ झालेल्या, प्रकाश आरपार दिसत होता. दाढांच्या उंचवट्यांवर छोटे छोटे खळगे, जणू कुणी चमच्याने कोरून काढलेत. आणि हिरडीलगत, दाताच्या मानेपाशी, आडव्या खाचा. कीड मात्र कुठेच नाही. तिने विचारलं, "काका, आंबट फार खाता का?"

अण्णांना आंबट अजिबात आवडत नाही. पोह्यांवरसुद्धा लिंबू पिळत नाहीत. ते काहीच बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे बघायला लागले. आणि मी डेंटिस्टकडे.

२०१२ साली अण्णांची अँजिओप्लास्टी झाली. त्यानंतर मी जे जे वाचत गेले ते ते त्यांच्यावर लागू करत गेले, आणि त्यातलं टिकलेलं एक म्हणजे हे लिंबू-मध-पाणी. सकाळी उठल्या उठल्या मोठा मग भरून द्यायचे. अण्णा पेपर वाचत तो मग तासभर पुरवून, घोट घोट घेत संपवायचे. मग उठून दात घासायचे. आणि घासायचे म्हणजे कसे, तर काळ्या दंतमंजनाने, आडवा हात मारून, पितळेचं तांब्याभांडं घासावं तसे. लहानपणी गावाला त्यांनी शेणीच्या राखेची, मीठ घातलेली राखुंडी वापरली. शहरात आल्यावर पेस्टने तोंड "स्वच्छ झाल्यासारखं वाटत नाही" म्हणून ती खरखर कायम ठेवली. यावरून मी त्यांच्याशी गेली तीस वर्षं वाद घालतेय.

त्यामुळे घरी येताना गाडीत मी पहिलं वाक्य काय बोलले असेन? "बघा अण्णा, मी सांगत होते, ती राखुंडी!"

अण्णा म्हणाले, "हं."

त्या रात्री झोप लागली नाही. मी शास्त्राची विद्यार्थिनी नाही, पण इतिहास वाचायची सवय आहे, आणि मन खात असलं की मी वाचायला बसते. दातांच्या झिजेवर कोणी काय लिहून ठेवलंय ते शोधत गेले. मला वाटलं होतं, एक स्पष्ट उत्तर मिळेल आणि त्यात माझं लिंबू निर्दोष सुटेल. मिळालं ते वेगळंच. गाडीतला आमचा वाद मोठमोठी माणसं अडीचशे वर्षं घालत आली होती.

त्याआधी आपल्या भाषेबद्दल थोडं. "दात आंबणे" हा शब्दप्रयोग आपण इतक्या सहज वापरतो की त्यात काही विशेष आहे हे जाणवत नाही. कैरी खाऊन दात आंबले, चिंचा खाऊन दात आंबले. आजी म्हणायची, "आंबलं व्हय दात? गरम भाकरीचा तुकडा धर दाताखाली." म्हणजे आंबटाने दाताला काहीतरी होतं, ते जिभेला होतं त्याहून वेगळं असतं, आणि ते थोड्या वेळाने आपोआप जातं, एवढं सगळं या दोन शब्दांत आहे. संस्कृतात याला "दंतहर्ष" म्हणतात. हर्ष म्हणजे इथे आनंद नव्हे, रोमहर्षातला हर्ष, शिरशिरी. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एकेका रसाचे गुणदोष सांगितलेत, तिथे आम्ल रस जास्त सेवन केला तर काय होतं त्यात हा दंतहर्ष येतो. आणि त्याच सूत्रस्थानात दातवणासाठी काड्या सांगितल्यात त्या तुरट, तिखट आणि कडू रसाच्या. आंबट नाही. इतकं जुनं ज्ञान, आणि मी कुठल्याशा मासिकातल्या चौकटीवर विश्वास ठेवला. असो.

पण दंतहर्ष ही तात्पुरती शिरशिरी झाली. आंबटाने दात कायमचा कमी होतो, हे कुणाला कधी कळलं? हे कळायला फार वेळ लागला, कारण पूर्वी सगळ्यांचेच दात झिजलेले असायचे. आमच्या आजीच्या दाढा पाट्यासारख्या सपाट होत्या. जात्यावरचं दळण. जात्याला टाकी लावून घेतली की पहिलं दळण गुरांना घालायचं, कारण त्यात दगडाचा कच उतरतो, हे तिने मला सांगितलेलं आहे. पण दुसऱ्या-तिसऱ्या दळणात तो अजिबात नसतो असं थोडंच आहे? भाकरी चावताना मधूनच कच्चकन लागायचं आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. फिल्स लीक नावाचे एक ब्रिटिश दंतवैद्य होते, त्यांना इजिप्तच्या ममींचे दात इतके झिजलेले का याचं कोडं पडलं. थडग्यांमध्ये मृतांसाठी ठेवलेल्या, हजारो वर्षांच्या वाळलेल्या पावांचे तुकडे त्यांनी तपासले, त्यांचे एक्सरे काढले. पावात वाळू आणि दगडाचे कण निघाले. १९७२ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. फॅरोह असो की आमची आजी, दळणातल्या दगडापुढे सगळे सारखेच! अशा सपाट दातांच्या गर्दीत आम्लाने विरघळलेला एखादा दात वेगळा कसा ओळखू यावा?

ओळखला तो लंडनच्या जॉन हंटरने. हा अठराव्या शतकातला शल्यविशारद म्हणजे एक वल्लीच. माणसाचा दात कोंबड्याच्या तुऱ्यात रोवून तो रुजतो का ते पाहणारा (तो तुरा लंडनच्या हंटेरियन म्युझियममध्ये अजून जपून ठेवलाय). १७७१ साली त्याने माणसाच्या दातांवर एक ग्रंथ लिहिला आणि १७७८ साली त्याचा दुसरा भाग, दातांच्या रोगांवर. या दुसऱ्या भागात तो एका विचित्र प्रकाराचं वर्णन करतो. कीड नाही, मार लागलेला नाही, आणि तरी पुढच्या दातांवरचं कठीण आवरण कुणी कानशीने घासून काढावं तसं गेलेलं. खालचा भाग उघडा, पण गुळगुळीत आणि चकचकीत. वाचताना मला आरशातले अण्णांचे दात दिसत होते.

हंटरने याचं कारण काय ठरवलं असेल? त्याचं म्हणणं असं की एकाच तोंडात काही दात झिजतात आणि शेजारचे शाबूत राहतात, तेव्हा हा त्या दाताचाच मूळ रोग असला पाहिजे. माणसाच्या राहणीशी, खाण्यापिण्याशी किंवा दात घासण्याशी त्याचा संबंध नसावा. इतकं बारीक पाहणारा माणूस, आणि निष्कर्ष नेमका उलटा. ज्या खुणेने (ठरावीक दात, ठरावीक बाजू) पुढे जाऊन गुन्हेगार सापडला, तीच खूण त्याला निर्दोषत्वाचा पुरावा वाटली. रोग्याला "बाबा रे, तू सकाळी उठल्यावर काय पितोस?" एवढं विचारलं असतं तर? पण हे आज म्हणणं सोपं आहे. मीही बारा वर्षं विचारलं नव्हतंच.

हंटरनंतरची शंभर-सव्वाशे वर्षं नुसता गोंधळ आहे. कुणी म्हणे लाळच आंबट झाली, कुणी म्हणे संधिवाताची प्रकृती, कुणी म्हणे ओठांचं घर्षण. या गोंधळात शिरला विलोबी मिलर. हा माझा या सगळ्या गोष्टीतला आवडता माणूस. जन्म १८५३, अमेरिकेतल्या ओहायोचा, शिकायला म्हणून युरोपात गेला आणि बर्लिनला प्राध्यापक होऊन राहिला. रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जंतुशास्त्र शिकला. दाताला कीड का लागते, हे त्याने शोधून काढलं: तोंडातले जंतू साखर-पिठाचं आम्ल करतात आणि ते आम्ल दात पोखरतं. १८९० च्या सुमाराचं त्याचं हे काम आजही पायाभूत मानतात. ("कीड" लागते त्यात किडा नसतो, हे निदान आता तरी सगळ्यांना माहीत असावं.)

म्हणजे आम्ल दात खातं हे जगाला पटवून देणाराच हा माणूस. त्यामुळे कीड नसलेल्या झिजेतही त्याला आम्लच दिसेल असं वाटतं की नाही? पण त्याने ठरवून टाकलं नाही, करून पाहिलं. काढलेले दात घेतले, ब्रश घेतला आणि बाजारातली निरनिराळी दंतमंजनं घेऊन घासत बसला. नुसत्या ब्रशने आणि पाण्याने दाताला फारसं काही झालं नाही. भरड दंतमंजन लावल्याबरोबर खाचा पडायला लागल्या, अगदी तोंडात दिसतात तशा, पाचरीच्या आकाराच्या. आधी सौम्य आम्ल लावलेला दात आणखी लवकर झिजला, हेही त्याने पाहिलं. १९०७ साली हे सगळं त्याने एका लांबलचक लेखात मांडलं आणि वजन टाकलं ते दंतमंजनाच्या पारड्यात. त्याच वर्षी तो वारला. अवघा ५३ वर्षांचा होता.

हे वाचून मी पहाटे दोन वाजता एकटीच खुश झाले. राखुंडीच! मिलरसाहेब माझ्या बाजूने!

दुसऱ्याच वर्षी, १९०८ साली, अमेरिकन दंतवैद्यकाचे पितामह जी. व्ही. ब्लॅक यांनी आपला मोठा ग्रंथ काढला. त्यात त्यांनी या झिजेबद्दलची तोपर्यंतची सगळी मतं एकापुढे एक मांडली, आणि यातलं एकही मला पूर्ण पटत नाही, असं लिहून मोकळे झाले. एवढ्या मोठ्या माणसाने असं लिहावं याचं मला कौतुक वाटतं. मला तेही जमलं नव्हतं.

आता लिंबाकडे येते. लिंबाचं नाव मुळात फार चांगलं, आणि ते त्याने समुद्रावर कमावलेलं आहे. १७४७ साली जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने स्कर्व्ही झालेल्या खलाशांवर वेगवेगळे उपाय करून पाहिले. संत्री-लिंबं खाल्लेले दोघे सगळ्यात आधी उभे राहिले. १७९५ पासून ब्रिटिश आरमारात लिंबाचा रस सुरू झाला आणि हिरड्या सडून मरणारी माणसं वाचली. तेव्हा लिंबाला औषध मानणारे वेडे नव्हते. फक्त, ज्याला क जीवनसत्त्व कमी पडतंय त्याला जे अमृत, ते दोन वेळा भाजी-आमटी जेवणाऱ्या माणसाला रोज उपाशीपोटी मगभर लागतं, हे त्यातून सिद्ध होत नाही.

आणि गंमत म्हणजे लिंबू दातांना चांगलं असंही एका मोठ्या माणसाने सांगितलेलं आहे. न्यूझीलंडमधल्या ओटागोच्या दंतविद्यालयाचे पहिले प्रमुख, एच. पी. पिकरिल. १९१२ साली त्यांनी दातांची कीड कशी टाळावी यावर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आंबट खाल्लं की तोंडाला पाणी सुटतं, ते पाणी म्हणजे लाळ, आणि लाळ आम्ल मारते, दात धुऊन काढते. म्हणून जेवणाचा शेवट गोडाने करू नये, आंबट फळाने करावा. यातलं लाळेबद्दलचं अक्षर न् अक्षर बरोबर आहे! लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट असतं, हलका ओरखडा ती भरून काढते. आजीच्या गरम भाकरीचं काम तेच असणार, चावलं की लाळ सुटते. चूक कुठे होती, तर आम्ल बोलावून आणायचं ते आम्लाला हाकलणारी लाळ यावी म्हणून. चोर आल्याशिवाय पोलीस येत नाहीत, तेव्हा रोज थोडे चोर बोलवा, असं काहीसं.

लिंबाचा पुरता पंचनामा झाला तो १९४७ साली. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या स्टाफने आणि लव्हस्टेड या दोघांनी, रोज नेमाने लिंबाचा रस घेणाऱ्या रुग्णांचे दात तपासून त्यावर लेख लिहिला. प्रकृतीला बरं म्हणून घेणारी माणसं. त्या लेखाचं शीर्षकच असं आहे की पुढचं वाचायची गरज पडू नये: लिंबाचा रस, आंबट पेयं आणि इतर आम्लांनी होणारं दातांचं विरघळणं. ती माणसं कुठली कोण, मिनेसोटातली. पण मला त्यांचा सकाळचा मग दिसत होता. आणि मग आणून देणारं कुणीतरी.

त्यानंतरची कोलाची गोष्ट बऱ्याच जणांना अर्धवट माहीत असते. कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके नावाचे आहारशास्त्राचे प्राध्यापक होते. दुसऱ्या महायुद्धात ते आरमाराच्या वैद्यकीय संशोधन संस्थेत गेले. आरमार खलाशांना कोला पाजतं, तेव्हा त्यात आहे तरी काय, म्हणून त्यांनी माणसाचे दात कोलात टाकून ठेवले. दात मऊ पडले आणि विरघळायला लागले. १९४९ मध्ये उंदरांच्या दाढांवरचे प्रयोग प्रसिद्ध झाले. १९५० साली अमेरिकन काँग्रेसच्या, अन्नातल्या रसायनांची चौकशी करणाऱ्या समितीपुढे मॅकेंनी साक्ष दिली: कोलाचा आंबटपणा जवळजवळ व्हिनेगरएवढा आहे, साखरेमुळे तो जिभेला कळत नाही. आपण शाळेत ऐकलेली "रात्रभर कोलात टाकलेला दात सकाळी गायब" ही गोष्ट अशा प्रयोगांनाच फुटलेली फांदी असावी. दात असा रात्रीत गायब होत नाही. आणि पेल्यातल्या दाताला लाळ नसते, तोंडातल्याला असते. पण साखर आंबटपणा झाकते, हे वाक्य वाचून मी थांबले. मी मध घालत होते. अण्णांना आंबट आवडत नाही म्हणून दोन चमचे.

पुढचं भराभर सांगते. बॅटरीच्या आणि आम्लाच्या कारखान्यांत काम करणाऱ्या कामगारांचा १९६८ साली ब्रिटनमध्ये अभ्यास झाला, साडेपाचशेच्या वर कामगार पाहिले, त्यातल्या जवळजवळ एक तृतीयांश लोकांचे दात आम्लाच्या वाफांनी झिजलेले होते. झिजलेले कुठले, तर ओठांनी न झाकले जाणारे पुढचे. ज्यांना पोटातलं आम्ल सारखं वर येतं त्यांचे वरचे दात आतल्या, टाळूकडच्या बाजूने जातात. म्हणजे हंटरला जे कोडं वाटलं होतं, की काहीच दात का आणि एकच बाजू का, ते कोडं नव्हतंच, पत्ता होता. आम्ल कुठल्या दाराने आलं ते दात सांगत होते. १९९३ साली ब्रिटनने मुलांच्या दातांच्या राष्ट्रीय पाहणीत पहिल्यांदा ही झीज मोजली, तर पाच वर्षांच्या निम्म्याहून जास्त मुलांमध्ये ती दिसली. फळांचे रस आणि सरबतं.

आणि या सगळ्यात जुना वाद हळूहळू विरून गेला. राखुंडी की लिंबू, हा प्रश्नच चुकीचा होता. दाताचं एनॅमल हे शरीरातलं सगळ्यात कठीण द्रव्य. पण ते कॅल्शियम आणि फॉस्फेटचं बनलेलं, आणि पीएच साधारण साडेपाचच्या खाली गेला की ते विरघळायला लागतं. लिंबाच्या रसाचा पीएच दोन-अडीच. (कडप्पा म्हणजे चुनखडक, तोही कॅल्शियमचाच. ओट्याने मला सगळं आधीच सांगितलं होतं.) आम्ल लागलं की एनॅमलचा वरचा अगदी पातळ थर, काही हजारांश मिलिमीटरचा, मऊ पडतो. वेळ मिळाला तर लाळ त्याला थोडाफार सावरून घेते. तेवढ्यात कुणी भरड पूड घेऊन घासलं तर तो थर गेला. दुसऱ्या दिवशी पुढचा थर. एनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात वर येतानाच संपतात, त्यामुळे गेलेलं पुन्हा येत नाही. नुसत्या राखुंडीने अण्णांच्या दाताच्या मानेला खाचा पडल्या असत्या, नुसत्या लिंबाने कडा पातळ झाल्या असत्या. दोन्ही मिळून जे झालं ते बेरजेपेक्षा जास्त होतं. मिलरला त्या दोन्हींची हातमिळवणी प्रयोगात दिसली होती, पण त्याने निकाल एकाच आरोपीवर दिला.

आंबट म्हटलं की सगळंच वाईट असंही नाही. दही चांगलं आंबट, पीएच चारच्या आसपास, पण दात विरघळवत नाही, कारण त्यात आधीच भरपूर कॅल्शियम-फॉस्फेट असतं, दातातून ओढून घ्यायला जागाच नसते. त्यामुळे ताकवाल्यांनी घाबरू नये. जेवणात भातावर, पोह्यांवर लिंबू पिळणाऱ्यांनीही नाही. वाईट ते घोट घोट, तासभर, आणि तेही झोपेतून उठल्यावर. झोपेत लाळ जवळजवळ थांबलेली असते, तोंड कोरडं असतं. वय झालं की आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी ते आणखी कोरडं पडतं. अण्णांचं दोन्ही होतं. आंबट खाल्ल्यावर तासभर थांबून दात घासा असं पूर्वी सगळेच सांगत, अलीकडच्या प्रयोगांत नुसतं थांबून फारसा फायदा दिसलेला नाही. आम्लच कमी करा आणि घासताना हात हलका ठेवा, असं आता म्हणतात. अण्णांच्या डेंटिस्टनेही तेच सांगितलं.

तीन खेपा झाल्या. मानेच्या खाचा भरल्या, पुढच्या कडांना दाताच्या रंगाचं लिंपण बसवलं. फ्लोराइडची पेस्ट आणि मऊ ब्रश आला. काळी पूड अण्णांनी स्वतःच कचऱ्यात टाकली, मला दाखवून. लिंबू-मध बंद. सकाळी मगात नुसतं गरम पाणी. माठातलं पाणी अजून जमत नाही, पण परवा चकली कोरडी खाल्ली, अर्धीच, आवाज करून.

एवढं सगळं वाचून झाल्यावर एका सकाळी पेपर वाचत होते तेव्हा मी त्यांच्यासमोर बसले. हंटरची गोष्ट सांगितली, मिलरची सांगितली, ते नीट ऐकत होते. मॅकेचे दात कोलात टाकलेले ऐकून हसले. मग मी म्हटलं, "अण्णा, राखुंडी एकटी नव्हती. लिंबूही होतं. तुम्हाला तर आंबट आवडतही नाही. बारा वर्षं कशाला घेतलंत? एकदा तरी सांगायचं ना, नको म्हणून."

त्यांनी पेपरची घडी केली. चष्मा काढून पुसला.

"तू रोज सकाळी उठून आणून देत होतीस," म्हणाले.